आठवी सही

मला फक्त एक वाक्य वाढवायचं होतं. पान चौदावर, दुसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी. त्या एका वाक्यापायी पुढे जे काही झालं ते पाहता, त्यापेक्षा महाकाव्य लिहायला घेतलं असतं तर सुखात राहिलो असतो असं आता वाटतं.

मी माहितीपुस्तिका लिहितो. नवीन यंत्र घरी आणल्यावर खोक्यात सगळ्यात वर जी पातळ वही असते आणि जी तुम्ही न उघडता खणात टाकता, ती. हे कोणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी "अच्छा" म्हणतो आणि मग जरा थांबून विचारतो, "म्हणजे ते कोणीतरी लिहितं का?" बारा वर्षं मी हे ऐकतोय. "प्लग लावण्यापूर्वी बटण बंद असल्याची खात्री करा" हे माझं वाक्य आमच्या कंपनीच्या सोळा उपकरणांबरोबर घरोघरी पोचलं आहे, पण माझं नाव कुठेही पोचलेलं नाही. पुस्तिकेच्या शेवटी लेखकाचं नाव छापावं म्हणून मी आजवर चार अर्ज केले. चारही वेळा "जागेअभावी शक्य नाही" असं उत्तर आलं. आमच्या प्रत्येक पुस्तिकेचं शेवटचं पान कोरं असतं. त्यावर "नोंदी" असं छापलेलं असतं आणि त्याखाली आजतागायत कोणी काही नोंदवल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

असो. माणसानं अपमान गिळून काम चोख करावं, या मताचा मी आहे. माझी एक पद्धत आहे. घरी कोणीतरी वाचून, तंतोतंत तसं करून पाहिल्याशिवाय मी पुस्तिका हातावेगळी करत नाही. आणि याबाबतीत माझं नशीब थोर आहे, कारण माझ्या घरी सासूबाई राहतात.

सासूबाईंची तीस वर्षं एका मोठ्या रुग्णालयाच्या औषधखिडकीत गेली. तिथला नियम असा होता, की बाटलीवरची चिठ्ठी पूर्ण वाचायची, मग नोंदवहीत "वाचून दिले" असं लिहून सही करायची आणि मगच बाटली खिडकीबाहेर सरकवायची. खिडकी सुटली, पण नियम अंगात राहिला. औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद त्या कादंबरीसारखा वाचतात. माझी पुस्तिका हातात घेतली की चष्मा लावून, त्यावर भिंग धरून पहिल्या पानापासून सुरुवात करतात. पहिल्या पानावर "आमचे उत्पादन निवडल्याबद्दल आपले अभिनंदन" असं असतं. तिथे थांबून त्या मान डोलावतात आणि मगच पुढे जातात. जगात माझा इतका आदर दुसऱ्या कोणी केलेला नाही.

तर त्या रविवारी सकाळी आमच्या स्वयंपाकघरात नवीन यंत्राची परीक्षा होती. हे वाफेनं फरशी आणि ओटा साफ करायचं यंत्र. त्याला पाण्याची टाकी, टाकीला काळं झाकण आणि झाकणाशेजारी हिरवा दिवा. टाकीतलं पाणी संपत आलं की प्लग काढायचा, दिवा लागेपर्यंत थांबायचं आणि झाकण उघडून पुन्हा पाणी भरायचं. कंपनीनं दिलेल्या माहितीवरून मी तसंच लिहिलं होतं. सासूबाईंनी पान सहा वाचून जाड हातमोजे घातले. पान सात वाचून तोंड दूर धरलं. पान चौदा वाचून दिव्याकडे बघत बसल्या. बरोबर तीन मिनिटांनी दिवा लागला. त्यांनी झाकण फिरवलं.

झाकण छताला लागलं. छताचा पोपडा ओट्यावर आला. सगळीकडे वाफच वाफ झाली, दारात आमची ही आईच्या नावानं ओरडत उभी, आणि मी, या विषयातला कंपनीचा अधिकृत लेखक, स्टुलाच्या मागे. वाफ विरली तेव्हा सासूबाई जागच्या जागी उभ्या होत्या. हातमोज्यांमुळे बोटाला चटकाही बसला नव्हता. त्यांनी भिंग उचललं, पुसलं आणि म्हणाल्या, "पान चौदा चुकलंय."

आमचं छत म्हणजे वरच्या बिऱ्हाडाची जमीन. त्यामुळे पाचव्या मिनिटाला वरचे वकीलसाहेब खाली आले. हे वकील नाहीत. ते कोर्टात टंकलेखक होते. पण चाळीस वर्षं वकिलांनी सांगितलेलं टाइप केल्यामुळे त्यांना वकिलांपेक्षा जास्त कायदा कळतो अशी त्यांची आणि त्यामुळे हळूहळू आख्ख्या इमारतीची समजूत झालेली आहे. त्यांनी छताचा खड्डा पाहिला, झाकण हातात घेऊन उलटंसुलटं केलं आणि आशेनं विचारलं, "जखमी कोण?" कोणीच नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

सोमवारी मी सकाळीच इंजिनिअरला गाठलं. हा माणूस चांगला आहे, पण फोनवरसुद्धा आजूबाजूला बघून बोलतो. तो मला चाचणीच्या खोलीमागे, रिकाम्या खोक्यांच्या थप्पीआड घेऊन गेला. तिथे त्यानं जे सांगितलं त्याचा सारांश असा: त्या दिव्याला उष्णता कळत नाही, फक्त वेळ कळते. प्लग काढल्यावर तीन मिनिटं झाली की तो लागतो. आत वाफ आहे का नाही याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

"मग वाफ जायला किती वेळ लागतो?"

"अकरा मिनिटं."

"हे कुठे लिहिलंय?"

"आता कुठेच नाही," तो म्हणाला, आणि हे आपण बोललोच नाही असंही म्हणाला.

तो खरा दिवा बसवणार होता. पण तोवर खोका छापून झाला होता. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल, पण आमच्याकडे खोका आधी छापतात आणि मग यंत्र त्याला साजेसं करतात. खोक्यावर मोठ्या लाल अक्षरांत होतं, "तीन मिनिटांत पुन्हा सज्ज".

म्हणजे प्रश्न अगदी सोपा होता. पान चौदावर एक वाक्य घालायचं: "हिरवा दिवा लागला तरी झाकण उघडू नका, प्लग काढल्यावर अकरा मिनिटे थांबा." मी ते लिहिलं आणि कायदेविभागाच्या साहेबांकडे मंजुरीला गेलो. आपल्या या दक्षतेबद्दल आपल्याला शाबासकी मिळेल, अशी माझी कल्पना होती. बारा वर्षं नोकरी करून इतकं भाबडं राहणं सोपं नाही.

कायदेसाहेबांच्या टेबलावर कधीही कागद नसतो. टेबलावर कागद असला की तो आपण वाचलाय असं धरलं जातं, हे त्यांचं तत्त्व. माझा कागद त्यांनी मला माझ्याच हातात धरायला लावला आणि लांबून ऐकला.

"हे छापलं," ते म्हणाले, "तर दिवा चुकीचा आहे हे कंपनीला ठाऊक होतं असं सिद्ध होतं."

"पण ठाऊक आहेच ना."

"तुम्हाला आहे. कंपनीला नाही."

"मी कंपनीतच आहे, साहेब."

"आहात का, हे आता तुम्हीच ठरवायचंय," ते अगदी प्रेमानं म्हणाले.

मग त्यांनी मला पर्यायी वाक्य दिलं: "झाकण योग्य वेळी उघडावे." आता कसायाला जसं सुरीचं, तसं मला शब्दांचं कळतं, आणि "योग्य" हा शब्द मी माझ्या पुस्तिकांतून बारा वर्षं हद्दपार केलेला आहे. योग्य दाब, योग्य अंतर, योग्य काळजी. ज्याला काही सांगायचं नसतं तो "योग्य" लिहितो. माझा चेहरा बघून साहेबांना दया आली असावी. ते म्हणाले, "आणि हो, तुमचा तो अर्ज. या पुस्तिकेपासून शेवटच्या पानावर तुमचं नाव छापायचं ठरलंय."

खरं सांगतो, मी पाघळलो. जिना उतरताना "योग्य" हा शब्द तितकासा वाईट नाही असंही मला वाटून गेलं. संध्याकाळी घरी येऊन मी ही बातमी एखाद्या पुरस्कारासारखी जाहीर केली. आमच्या हिनं हातातलं काम न सोडता विचारलं, "अहो, बारा वर्षं जागा नव्हती ना? आता कुठून आली?"

बायकोला आपला आनंद बघवत नाही असं म्हणून मी वर वकीलसाहेबांकडे गेलो. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. मग म्हणाले, उद्या कोणी भाजलं तर कोर्टात पुस्तिका हजर होणार. न्यायाधीश पान चौदा वाचणार, मग शेवटचं पान उघडणार. तिथे नाव कोणाचं? तुमचं. मी बसल्या जागी घामाघूम झालो. बारा वर्षं ज्यासाठी झुरलो ते एकदाचं मिळालं, ते हे असं.

"घाबरू नका," वकीलसाहेब म्हणाले. "लेखी द्या. आवक शिक्का घ्या. शिक्का असला की माणूस वाचतो."

म्हणून मी कंपनीच्या आवक खिडकीवर एकपानी पत्र घेऊन गेलो. दिव्याची गोष्ट, अकरा मिनिटं, छताचा खड्डा, सगळं त्यात होतं. खिडकीतल्या बाईंकडे तीन रजिस्टरं होती: रजा, बिलं आणि ग्राहकांच्या तक्रारी. रजा मला नको होती आणि बिल माझ्याकडे नव्हतं. तक्रार म्हणावं तर मी ग्राहक नव्हतो, आणि नोकरानं तक्रार करायची सोय तक्त्यात नाही, असं त्यांनी मला तक्ता फिरवून दाखवलं. मी म्हटलं, निदान शिक्का तरी मारा. त्या म्हणाल्या, रजिस्टर नाही तर नंबर नाही आणि नंबर नाही तर शिक्का नाही. शेवटी माझा केविलवाणा चेहरा पाहून त्यांनी ते पत्र माझ्या डोळ्यांदेखत सूचनापेटीत टाकलं. ती पेटी महिन्यातून एकदा उघडते.

महिनाअखेरीला उघडली. फलकावर माझं नाव लागलं. "वेळेच्या नियोजनाविषयी उपयुक्त सूचना" म्हणून माझ्या पत्राला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं. सभागृहात टाळ्या झाल्या, कायदेसाहेबांनी हसत हसत माझ्या हातात खोका ठेवला. खोक्यावर लाल अक्षरांत होतं, "तीन मिनिटांत पुन्हा सज्ज".

ते दुसरं यंत्र मी घरी नेलं तेव्हा हिनं छताकडे बघितलं. सासूबाईंनी मात्र खोका उघडून आधी पुस्तिका शोधली. ती अजून छापायची होती.

"हे आता लोकांकडे जाणार?"

"पुढच्या महिन्यात."

"आणि पान चौदा?"

मी "योग्य वेळी" सांगितलं. पुढे साहेबांचं म्हणणं, कंपनीचं धोरण, संसाराच्या जबाबदाऱ्या असं बरंच काही सांगितलं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "बाटलीवर 'योग्य तेवढं घ्या' असं लिहून मी एक जरी बाटली दिली असती, तर त्यांनी मला दुसऱ्या दिवशी खिडकीत उभं केलं नसतं." पुढे म्हणाल्या, "मी हातमोजे घातले ते तुम्ही लिहिलं होतं म्हणून. तुम्ही माझे जावई आहात म्हणून नाही. छापलेलं खरं असतं असं धरून चालणारी मी एकटीच आहे असं वाटतं का तुम्हाला?"

मला बारा वर्षं नेमकं तेच वाटत होतं. माझं कोणी वाचत नाही, हे माझं दुःख होतं. कोणी खरंच वाचलं तर, ही भीती मला पहिल्यांदाच वाटली. डोळ्यांसमोर एक अनोळखी बाई आली, चष्मा लावून, दिव्याकडे बघत बसलेली. तिच्याकडे हातमोजे नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी पान चौदा लिहिलं. अकरा मिनिटं लिहिली, दिव्यावर विसंबू नका असंही लिहिलं. आता प्रश्न उरला तो सह्यांचा. छपाईआधी पुस्तिकेची फाईल सात टेबलांवरून फिरते, सात सह्या होतात, आणि सातवी कायदेसाहेबांची. हे वाक्य सात जणांपासून लपवायचं कसं, हे विचारायला मी वकीलसाहेबांकडे गेलो. ते एकदम ताठ झाले. "लपवायचं नाही," ते म्हणाले. "लपवलं तर तुम्ही चोर. वर स्वच्छ लिहा. चाळीस वर्षं मी वरचा कागद टाइप केलाय. सही करणारा फक्त सहीची जागा बघतो."

म्हणून फाईलच्या वरच्या कागदावर मी ठळक लिहिलं: "पान चौदामधील मजकुरात महत्त्वाचा बदल केला आहे. कृपया पाहून सही करावी." आणि खाली सात रेघा आखल्या.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. फाईल एका टेबलावरून उठली की मी काहीतरी निमित्त काढून तिच्यामागे निघायचो. सकाळी अकरापर्यंत चार सह्या झाल्या. पाचवा माणूस सही करताना फोनवर बोलत होता. सहावी इंजिनिअरची. त्यानं मात्र पान चौदा उघडलं असावं, कारण सही करून त्यानं खोक्यांच्या थप्पीकडे बघितलं आणि पटकन निघून गेला. सातव्या टेबलावर फाईल दोन तास राहिली. दोन तासांत मी राजीनाम्याचा मसुदा मनात तीनदा लिहिला, तिन्ही वेळा छान जमला. मग फाईल परत आली. सही होती. शिवाय कायदेसाहेबांनी स्वतःच्या हातानं एक दुरुस्ती सुचवली होती: शेवटच्या पानावरचं लेखकाचं नाव ठळक करावं.

माझी सुटका झाली होती हे खरं. पण सांगतो, इतकं ठळक लिहूनही त्यांनी वाचलं नाही याचं मला थोडं वाईटच वाटलं.

यंत्र बाजारात गेलं. दोन महिने शांततेत गेले. मग एक दिवस कायदेसाहेबांनी मला बोलावलं. टेबलावर चक्क कागद होता. एका ग्राहक बाईंचं पत्र, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. त्यांचं म्हणणं असं, की खोक्यावर तीन मिनिटं आहेत आणि पान चौदावर अकरा, तर खरं काय ते कळवावं. पुढे लिहिलं होतं: "आमच्या घरी मिस्टरांनी खोका वाचला होता आणि मी पुस्तक. झाकणाला हात घालायला ते निघाले होते, मी पुस्तक दाखवून थांबवलं. नवव्या मिनिटालासुद्धा आत खदखद ऐकू येत होती. ज्यांनी हे लिहिलं त्यांना आमचा नमस्कार कळवावा. त्यांचं नाव शेवटी आहे."

मी ते पत्र तिथेच दुसऱ्यांदा वाचलं. माझ्या आयुष्यातलं वाचकाचं पहिलं पत्र माझ्याविरुद्धचा पुरावा म्हणून आलं होतं, आणि तरी मला हसू आवरेना. साहेबांना वाटलं मी उद्धट आहे.

त्यांनी मला कारणे दाखवा नोटीस द्यायचं ठरवलं. आणि इथे कायदेविभाग अडला. तुम्ही चुकीची वेळ छापली असं लिहावं, तर बरोबर वेळ तीन मिनिटं आहे असं कंपनीला लेखी म्हणावं लागतं. तुम्ही बरोबर वेळ विनापरवानगी छापली असं लिहावं, तर ती बरोबर असल्याचं कंपनीला ठाऊक ठरतं. चार दिवस त्यांच्या खोलीत मसुदे फाटत होते. पाचव्या दिवशी त्यांनी मला बोलावून, जरा घसा खाकरून, नोटीस सोप्या भाषेत लिहून देण्याविषयी विचारलं. शेवटी हे माझंच काम आहे ना. मी बसून तीन मसुदे करून दिले, प्रामाणिकपणे. तिसरा वाचून साहेब म्हणाले, "यात परवानगी नव्हती असं म्हणता येईल ना?" मी फाईल काढून वरचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. सात रेघा, सात सह्या. शेवटची त्यांनी बराच वेळ ओळखली नाही.

मग सगळं फार झटपट झालं. अकरा मिनिटं हे कंपनीचं पहिल्यापासूनचं धोरण होतं असं ठरलं. खोक्यांवर "तीन"च्या जागी "अकरा"ची पट्टी चिकटली. इंजिनिअरला दिवा बदलायला सांगितलं, तेव्हा तो म्हणे पहिल्यांदाच मोठ्यानं हसला. बाईंना कंपनीनं आभाराचं पत्र पाठवलं, ते अर्थात मीच लिहिलं, पण सही कायदेसाहेबांची. आणि मला शिक्षा झाली. पुस्तिकेच्या दुसऱ्या आवृत्तीतून माझं नाव काढण्यात आलं. तसं कळवणारी चिठ्ठी माझ्याकडे आहे. कारण, जागेचा अभाव.

दुसऱ्या आवृत्तीची प्रत मी घरी आणली आणि सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला, भिंग धरलं. अभिनंदनाला मान डोलावली. पान चौदावर बराच वेळ थांबल्या. मग शेवटचं पान उघडलं. तिथे "नोंदी" होतं आणि खाली सगळं कोरं.

"इथे नाव होतं," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "आई, जागा नाही म्हणतात."

त्यांनी त्या कोऱ्या पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ही आतून पेन घेऊन आली. सासूबाईंनी औषधखिडकीतल्या त्या सरळ, सुट्या अक्षरांत माझं पूर्ण नाव लिहिलं. खाली लिहिलं, "वाचून पाहिले." आणि सही केली.

मी काहीतरी विनोद करणार होतो, पण तो राहिला. त्यांनी शाई वाळेपर्यंत पुस्तिका उघडी ठेवली, मग मिटून खणात न टाकता फडताळात औषधांशेजारी ठेवली, आणि ओटा साफ करायचाय म्हणून हातमोजे मागितले.